किंग एअर बी२००: क्रूझमध्ये मध्येच पडणारा प्रॉप आरपीएम

किंग एअर बी२०० या दोन टर्बोप्रॉप इंजिनांच्या विमानाच्या टेक लॉगमधला स्नॅग, म्हणजे बिघाडाची तक्रार, एका ओळीचा होता: क्रूझमध्ये डाव्या प्रॉपचा (प्रोपेलरचा) आरपीएम अधूनमधून पडतो आणि आपोआप सावरतो. त्याच्यावरच्या दोन नोंदीही याच स्नॅगच्या, आणि दोन्हींसमोर आपल्या ओळखीचं उत्तर: ग्राउंड रन केला, सर्व ठीक आढळलं. प्रॉपचा आरपीएम लावलेल्या आकड्यावर धरून ठेवणारा प्रायमरी गव्हर्नरही आधीच बदलून झाला होता. आरपीएम हलला की पहिला संशय गव्हर्नरवर जातो, म्हणून तो काढला जातो, बेंचवर तपासला जातो, त्यात काही सापडत नाही आणि स्नॅग पुन्हा उगवतो.

ग्राउंड रन खोटा नव्हता, पण तो काय तपासतो हे लक्षात घ्यायला हवं. जमिनीवर कमी पॉवरला प्रॉप गव्हर्नरच्या ताब्यात नसतोच. पाती लो पिच स्टॉपवर, म्हणजे कमी कोनाच्या मर्यादेवर, टेकलेली असतात आणि आरपीएम इंजिनाची पॉवर ठरवते. गव्हर्नर काम करू लागतो तो पॉवर वाढवून आरपीएम त्याच्या १६०० ते २००० च्या पट्ट्यात गेल्यावर. म्हणजे आयडलला दहा मिनिटं इंजिन चालवून ‘ठीक’ लिहिलं, तर गव्हर्नरबद्दल काहीच कळलेलं नसतं. त्यातून क्रूझमधलं तेलाचं तापमान, थरथर, बाहेरची थंडी, चालू असलेले स्विच यांतलं काहीच हँगरसमोर नसतं. येतो-जातो प्रकारच्या बिघाडात नुसता भाग बिघडलेला नसतो, तो उघडा पडायला एक विशिष्ट परिस्थिती लागते. ती परिस्थिती सापडेपर्यंत पाना हातात घेऊ नये.

आधी यंत्रणा थोडक्यात. या विमानाच्या पीटी६ए-४२ इंजिनावरच्या प्रॉपला पाती फाइन पिचकडे (कमी कोनाकडे) नेण्यासाठी तेलाचा दाब लागतो. ती कोर्सकडे (जास्त कोनाकडे) आणि फेदरकडे (वाऱ्याला कडेने उभी) नेण्याचं काम स्प्रिंग आणि काउंटरवेट करतात. इंजिनाचं शंभरेक पीएसआयचं तेल प्रायमरी गव्हर्नरमधला गिअर पंप कित्येक पट दाबाने पुढे ढकलतो. गव्हर्नरची पायलट व्हॉल्व्ह त्यातलं किती तेल प्रॉपकडे जाईल ते ठरवते, आणि तेल ट्रान्सफर स्लीव्हमधून फिरत्या शाफ्टमध्ये शिरतं. याच वाटेवर आणखी तीन दरवाजे आहेत. बीटा व्हॉल्व्ह पाती लो पिचवर आली की तेल अडवते. ओव्हरस्पीड गव्हर्नर २०८० आरपीएमला तेल सोडून देतो. ऑटोफेदरची, म्हणजे इंजिनाची पॉवर गेल्यास प्रॉप आपोआप फेदर करणाऱ्या यंत्रणेची, डंप व्हॉल्व्ह उघडली की तेल सरळ गिअरबॉक्समध्ये परत जातं. दिशा कायम ध्यानात ठेवायची: तेल गेलं की आरपीएम पडतो, तेल जास्त मिळालं की चढतो.

ही रचना सुरक्षित बाजूला झुकलेली आहे, कारण धोका उलट दिशेला असतो. ५ एप्रिल १९९१ रोजी अमेरिकेत जॉर्जियातल्या ब्रन्सविकजवळ एम्ब्रेअर १२० पडलं आणि त्यातले सर्व २३ जण गेले. तिथे डाव्या प्रॉपच्या कंट्रोल युनिटमधल्या क्विलचे दाते झिजले होते आणि पाती हवेतच नको तितकी फाइन झाली होती. त्यामुळे ‘आरपीएम आपोआप चढतो’ आणि ‘आरपीएम आपोआप पडतो’ या दोन नोंदींना सारखं वजन देऊ नये. पहिली आली तर कारण कळेपर्यंत विमान उभं ठेवायचं. आमची दुसरी होती. त्रासदायक, पण विचार करायला थोडी उसंत देणारी.

पहिलं काम वैमानिकांसाठी एक फॉर्म बनवण्याचं. घटनेच्या वेळची उंची, बाहेरचं तापमान, तेलाचं तापमान आणि दाब, टॉर्क, आयटीटी (टर्बाइनमधलं तापमान), एन१ (गॅस जनरेटरचा वेग), प्रॉप आरपीएम, आणि कोणते स्विच चालू होते. शेवटचा रकाना सहसा कुणी ठेवत नाही. शिवाय को-पायलटला फोनवर पॅनेलचं चित्रण करायला सांगितलं. दोन्ही इंजिनांची घड्याळं एकाच चौकटीत यायला हवीत. दोन सेकंदांच्या घटनेत माणूस एकच सुई पाहतो, चित्रणात सगळ्या दिसतात.

त्या चित्रणातून मिळालेले आकडे असे: आरपीएम १७०० वर लावलेला, टॉर्क १४०० फूट-पाउंड. आरपीएम झटकन १६०० च्या आसपास आला, त्याच क्षणी टॉर्क १४९० च्या जवळ गेला, आणि दोन-तीन सेकंदांत दोन्ही जागेवर. एन१ आणि आयटीटी जागचे हलले नाहीत. दिसायला किरकोळ, पण यातून निम्मी यादी गळते.

सुरुवात इंडिकेशनपासून. टॅकोमीटर खोटं बोलतो का? पीटी६ मध्ये पॉवर टर्बाइन गॅस जनरेटरपासून सुटी आहे. एन१ स्थिर असेल तर शाफ्टला मिळणारी पॉवर जवळपास तीच राहते, आणि पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. टेकऑफचे आकडे घ्या: २२३० फूट-पाउंड गुणिले २०००, भागिले ५२५२, उत्तर येतं ८५० शाफ्ट हॉर्सपॉवरच्या घरात. म्हणजे आरपीएम खरोखर १७०० वरून १६०० ला आला असेल, तर टॉर्क १४०० वरून १४८७ च्या आसपास जायलाच हवा. तो गेला. टॅको जनरेटरचा ढिला प्लग टॉर्कची सुई हलवू शकत नाही. बिघाड खरा होता. याउलट सुई उड्या मारते आहे, पण टॉर्क शांत आहे आणि दोन प्रॉपच्या आवाजातला ताल बदलत नाही, असं असतं तर आधी डाव्या-उजव्या घड्याळांची अदलाबदल करून पाहिली असती. स्नॅग घड्याळाबरोबर दुसरीकडे गेला तर तिथेच निकाल.

मग इंजिन. प्रायमरी गव्हर्नरमध्ये इंधन कापणारा भागही असतो. फ्यूएल कंट्रोल युनिटपासून पुढे येणारी पीवाय हवेची नळी त्याला जोडलेली असते. ती कुठे गळत असेल तर इंधन कमी होतं, आणि मग एन१, आयटीटी, टॉर्क सगळेच एकत्र खाली येतात. इथे एन१ हलला नव्हता आणि टॉर्क उलट वर गेला होता. पीवायची नळी संशयातून सुटली. ‘पॉवर गेल्यासारखं वाटलं’ अशी तक्रार असेल, तर मात्र साबणाचं पाणी घेऊन पहिल्यांदा याच नळीकडे जावं.

मग दोन्ही प्रॉपचा ताल जुळवणारा सिंक्रोफेझर. या विमानावरच्या प्रकारात त्याचा अधिकार सुमारे २५ आरपीएमचा, आणि तोही वाढवण्याचा. लिव्हरने लावलेल्या आरपीएमखाली तो प्रॉपला नेत नाही. शंभराची घसरण त्याच्या आवाक्याबाहेरची. तरीही तो बंद ठेवून उडायला सांगितलं, कारण स्विच बंद करायला पैसे पडत नाहीत. घसरण बंद झाली नाही. आरपीएम लयीत दहा-वीसने वरखाली डोलत असता, तर सगळ्यात आधी हाच बंद केला असता.

ओव्हरस्पीड गव्हर्नरवर दोन सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या झडपा) असतात, एक टेस्टचा आणि एक ऑटोफेदरच्या डंप व्हॉल्व्हचा, आणि बरेच जण त्यांना एकाच दावणीला बांधतात. टेस्टचा सोलेनॉइड गव्हर्नरची मर्यादा खाली आणतो; चाचणीत आरपीएम १८३० ते १९१० च्या दरम्यान थांबला पाहिजे. या सोलेनॉइडला चुकून करंट मिळाला, तर टेकऑफच्या २००० वरून आरपीएम त्या पट्ट्यात उतरेल. पण प्रॉप आधीच १७०० वर असेल तर काहीच होणार नाही, कारण मर्यादा अजून वरच आहे. आमची घसरण १६०० पर्यंत होती. टेस्टचा सोलेनॉइड निर्दोष.

ट्रान्सफर स्लीव्हची गळती झटका देत नाही. तेल तापून पातळ झालं की ती वाढते. मग प्रॉप सुस्त होतो, लिव्हर हलवल्यावर उशिरा ऐकतो, वेग बदलला की आरपीएम आपली जागा सोडतो. पात्यांच्या बेअरिंगमधल्या घर्षणानेही असंच होतं. डोममध्ये, म्हणजे प्रॉपच्या तेलाच्या सिलिंडरमध्ये, अडकलेल्या हवेने एखाद-दोनदा मोठी उसळी येते, पण प्रॉप काही वेळा पूर्ण फिरवून, म्हणजे लिव्हर मागे-पुढे करून, हवा निघाली की ती थांबते. प्रॉप नुकताच बसवला असेल तर हे आधी करावं. आमच्या नोंदींत तेलाचं तापमान आणि घसरण यांचा मेळ बसत नव्हता. तेलाची फिल्टर आणि चिप डिटेक्टर स्वच्छ होते.

ग्रीसबद्दल एक आडवळण. हार्टझेल कंपनीच्या प्रॉपला ग्रीस भरताना प्रत्येक पात्याच्या दोनपैकी एक निपल काढून ठेवायचा आणि दुसऱ्यातून जास्तीत जास्त ३० मिलिलिटर भरायचं, किंवा उघड्या भोकातून ग्रीस येईपर्यंत, जे आधी होईल ते. दुसरा निपल न काढता गन चालवली की सील फुगते, ग्रीस पात्यावर उडतं आणि मग ‘प्रॉपमधून तेल गळतंय’ म्हणून नवा स्नॅग येतो. त्याचा या बिघाडाशी संबंध नव्हता, पण हे इतकं पाहायला मिळतं की लिहिल्यावाचून राहवत नाही.

बीटाची बाजू. रिव्हर्सिंग लिव्हरच्या टोकाचा कार्बन ब्लॉक फीडबॅक रिंगच्या खाचेत बसतो. तो झिजला की लो पिचची जागा सरकते. पण ही रिंग हलते ती पाती लो पिचच्या जवळ आल्यावर, म्हणजे अप्रोचमध्ये पॉवर मागे घेतल्यावर आणि जमिनीवर. क्रूझमध्ये पाती चांगली कोर्स असतात, तेव्हा बीटा व्हॉल्व्ह हलायचं कारण नसतं, पुढची केबल किंवा तिचा ब्रॅकेट ढिला नसेल तर. म्हणून तेवढं पाहिलं: केबल अडखळत नाही, ब्रॅकेट घट्ट, क्लेव्हिसच्या खाचेचं टोक कॅप नटच्या तोंडाशी समतल, कार्बन ब्लॉकची बाजूची फट ०.०१० इंचाच्या आत. स्नॅग अप्रोचमधला असता तर तपासणीची सुरुवात इथूनच झाली असती, आणि बहुधा शेवटही.

नव्या प्रायमरी गव्हर्नरबाबत एकच गोष्ट पाहण्यासारखी होती, त्याच्या तळाचं गॅस्केट. त्यात जाळी असते आणि जाळीचा उंचवटा गव्हर्नरच्या बाजूला यावा लागतो. ते बरोबर होतं. गव्हर्नर बदलूनही लक्षण केसभर बदललं नाही, ही स्वतःच एक माहिती असते.

उरली ऑटोफेदरची डंप व्हॉल्व्ह. लक्षणाशी ती तंतोतंत जुळते: झटका, मोठी घसरण, लगेच सावरणं. सोलेनॉइडला क्षणभर करंट मिळाला, थोडं तेल सुटलं, करंट गेला, गव्हर्नरने प्रॉप परत आणला. अडचण एकच होती. घटनेच्या वेळी ऑटोफेदरचा स्विच बंद असल्याचं प्रत्येक फॉर्मवर लिहिलेलं. यंत्रणा आर्म व्हायला स्विच हवा, दोन्ही पॉवर लिव्हर सुमारे ९० टक्के एन१ च्या पुढे हव्यात, आणि मग एका बाजूचा टॉर्क सुमारे २०० फूट-पाउंडांखाली जायला हवा. इथे स्विचच बंद होता आणि टॉर्क १४०० च्या घरात होता. मागच्या तपासणीत सर्किट ब्रेकर ओढूनही उड्डाण झालं होतं, तरी घसरण आली, म्हणून डंप व्हॉल्व्हचं नाव खोडलेलं होतं.

इथेच शोध अडकला होता. स्विच बंद आणि ब्रेकर ओढलेला म्हणजे यंत्रणा आज्ञा देत नाही, एवढंच सिद्ध होतं. सोलेनॉइडकडे जाणारी तार दुसऱ्या कुठल्या जिवंत तारेला टेकत असेल, तर ब्रेकर ओढून काय होणार? वीज तर शेजारून येते आहे.

शेजारून म्हणजे कुठून, याचं उत्तर फॉर्मच्या त्या शेवटच्या रकान्यात होतं. प्रत्येक घटनेच्या वेळी प्रॉप डी-आइस (पाती विजेने तापवून बर्फ काढणारी यंत्रणा) ‘ऑटो’वर होतं. सगळ्या घटना जास्त उंचीवरच्या, म्हणून आधी संशय उंची आणि तेल यांच्यावर गेला होता. पण पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी साधारण १६ ते १८ हजार फुटांवर असते. तिच्यावर ढगात शिरलं तरच डी-आइस लावतात. त्याच उंचीवर निरभ्र आकाशात एकही घसरण नोंदलेली नव्हती. ऑटोमध्ये टायमर एका प्रॉपला ९० सेकंद, मग दुसऱ्याला ९० सेकंद करंट देतो. चित्रणातली घसरण डाव्या प्रॉपच्या पाळीतच पडत होती. आणि डी-आइसची जाड तार इंजिनाच्या नाकाशी असलेल्या, फिरत्या प्रॉपला वीज पोचवणाऱ्या ब्रश ब्लॉककडे जाते. ओव्हरस्पीड गव्हर्नरही तिथेच, रिडक्शन गिअरबॉक्सवर. या विमानात डी-आइसची आणि डंप सोलेनॉइडची अशा दोन्ही तारा एकाच लूममधून (तारांच्या जुडग्यातून) पुढे येत होत्या.

हे हँगरमध्ये सिद्ध करायचं तर एक बंधन आहे. प्रॉप थांबलेला असताना प्रॉप डी-आइस चालू करायचं नसतं, पात्यांवरची बूट (तापणाऱ्या पट्ट्या) जळतात. आणि प्रॉप फिरत असताना लूमला हात लावायचा प्रश्नच येत नाही. म्हणून ब्रश ब्लॉककडची तार सोडवून तिचं टोक इन्सुलेट केलं. इग्निशनचे ब्रेकर ओढून टॅग लावले. ओव्हरस्पीड गव्हर्नरचा प्लग काढला. आता डी-आइस लावलं तरी बूट तापणार नाहीत, तारेत २८ व्होल्ट मात्र असतील. मल्टिमीटर डंप सोलेनॉइडच्या पिन आणि अर्थ यांच्यामध्ये, मिन-मॅक्सवर. त्याच्या जोडीला २८ व्होल्टचा छोटा दिवा समांतर लावायला विसरू नये. नुसता डिजिटल मीटर मोकळ्या तारेवर शेजारच्या तारेमुळे भुताटकीचे पाच-सात व्होल्ट दाखवतो आणि दिवसभर फिरवत ठेवतो. दिवा पेटला तर वीज खरी.

ग्राउंड पॉवर लावली, टायमर डाव्या पाळीवर येऊ दिला, आणि फायरवॉलपासून पुढे लूम वीतभर-वीतभर हाताने दाबत, किंचित पिळत आणला. फायरवॉलच्या कनेक्टरपाशी काही नाही. माउंटच्या वळणावर काही नाही. गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूच्या क्लॅम्पपाशी लूम आत दाबला आणि दिवा लुकलुकला. मीटरवर कमाल २६.८ व्होल्ट. पुन्हा दाबला, पुन्हा लुकलुकला.

क्लॅम्प उघडल्यावर सगळं समोर होतं. आतलं रबरी कुशन तेलाने फुगून मऊ झालं होतं आणि एका बाजूला सरकलं होतं. क्लॅम्पची धातूची कड लूमवर घासत होती. तिने जाड तारेचं इन्सुलेशन नखाएवढ्या लांबीत कापलं होतं, आणि तिच्याखाली दबलेल्या बारीक सोलेनॉइडच्या तारेवरही केसाएवढी चीर होती. दोन उघडे तांबे एकमेकांपासून मिलिमीटरभर लांब. क्रूझच्या थरथरीत ते क्षणभर टेकायचे. एवढ्याने डी-आइसचा ब्रेकर उडायचं कारण नव्हतं. सोलेनॉइडचा करंट त्या तारेला काहीच नाही. गिअरबॉक्सच्या वरच्या सांध्यातून झिरपणारं तेल त्या क्लॅम्पवर ठिबकत होतं, तेच कुशन फुगण्याचं मूळ. ते गॅस्केट बदललं नसतं तर नवं कुशनही त्याच वाटेने गेलं असतं.

दोन्ही तारा फायरवॉलच्या कनेक्टरपासून पुढच्या प्लगपर्यंत अखंड बदलल्या. मॅन्युअल काही जागी स्प्लाइसची मुभा देतं, पण इंजिनाच्या नाकाशी, जिथे उष्णता, तेल आणि थरथर तिन्ही आहेत, तिथे सांधा ठेवणं मला पटत नाही. डी-आइसची तार वेगळ्या स्लीव्हमध्ये घातली. क्लॅम्प एक माप मोठा निघाला, तो योग्य मापाचा बसवला. ढिल्या क्लॅम्पमध्ये तार नाचते, घट्ट क्लॅम्पमध्ये चेपते. उजव्या इंजिनाचा तोच क्लॅम्प उघडून पाहिला. तिथेही कुशन फुगायला लागलं होतं, इन्सुलेशनवर चकाकी आली होती, तांबं मात्र दिसत नव्हतं. तोही बदलला.

नंतरचे तपास ठरलेले, पण एकही गाळू नये असे. प्लग जोडण्याआधी दोन्ही तारांची सलगता आणि परस्परांतलं इन्सुलेशन. मग ग्राउंड रन: प्रॉप लिव्हर फेदर डिटेंटपर्यंत मागे, आरपीएम १६०० ते १६४० मध्ये. ओव्हरस्पीड टेस्टला १८३० ते १९१०. ऑटोफेदर टेस्टमध्ये सुमारे ४०० फूट-पाउंडांवर समोरच्या बाजूचा दिवा गेला पाहिजे आणि २०० च्या आसपास प्रॉप फेदरकडे निघाला पाहिजे. शेवटी १७०० वर स्थिर ठेवून डी-आइस ऑटोवर, दोन्ही पाळ्या पूर्ण होईपर्यंत, आणि हे चित्रणासकट.

टेक लॉगमध्ये नोंद करताना ‘लूम दुरुस्त केला’ एवढ्यावर थांबलो नाही. कोणत्या दोन तारा, कोणत्या क्लॅम्पपाशी, कशामुळे घासल्या, कोणत्या स्विचच्या स्थितीत घसरण यायची, आणि कोणकोणते भाग तपासून निर्दोष ठरले, हे सगळं लिहिलं. काढलेल्या जुन्या गव्हर्नरच्या टॅगवरही स्नॅगचं खरं कारण लिहून तो पुढे पाठवला.